वारा लागू नये म्हणून

हौसाक्का दाराची कडी काढायला उठली आणि मी तिचं मनगट धरलं.

"बस खाली. दार उघडायचं नाही."

"पाणी टाकून येते की गं बाहेर."

"पाणी मोरीतून जातंय. दार उघडायला काय झालंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं, परत पाटावर बसली आणि ओला हात कपाळाला लावून डोळे मिटले. बाजेवर माझी लेक सुवर्णा पडली होती. तिच्या कुशीत दहा दिवसांची नात, नुकतीच न्हाऊन, दुपट्यात गुंडाळलेली. न्हाल्यावर पोर भुकेनं आकांत करते, पण ही मान टाकून पडली होती.

तीन दिवसांत हौसाक्का तिसऱ्यांदा हेच करत होती. काहीतरी निमित्त काढायचं आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडायचं. बाळंतिणीला वारा लागू देऊ नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ही तर चाळीस वर्षं अख्ख्या वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालत आलेली बाई. माझी सुवर्णासुद्धा तिच्याच पायांवर न्हायलेली. तिला कळत नसेल होय? मग उघडते कशाला?

मी मुळातच संशयी बाई, खोटं कशाला बोलू. आमचे सुभेदार, म्हणजे माझे मालक, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, ते म्हणायचे, मी सीमेवर केली नाही तेवढी राखण तू दुधाच्या पातेल्याची करतेस. मला त्याचा राग यायचा नाही. घर राखायचं तर कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसावंच लागतं, आणि ते काम मी करत होते, असं मला वाटायचं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. आमचं गाव चंदगडकडं, डोंगराच्या कुशीत. डिसेंबरात तिथं सकाळी विहिरीच्या पाण्यावरसुद्धा वाफ दिसते, एवढा गारठा. सुवर्णा बाळंतपणाला माहेरी आलेली. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, पण वजन दोन किलोच्या आत-बाहेर. डॉक्टरीण बाईंनी सोडताना बजावलं होतं, पोरीला ऊब पाहिजे, गारठा अजिबात सोसायचा नाही. आणि कोळशाची शेगडी, धुरी, धूर असलं काही खोलीत नको. जावयांनी लगेच पुण्याहून विजेवरचा हीटर पाठवून दिला. मी सगळ्या वाडीला सांगत सुटले, आमच्यात शेगडी नाही बाई, आमच्यात हीटर.

आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लाइट गेली ती गेलीच. वायरमन आला, वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाला नवीन डीपी आल्याशिवाय काही होत नाही, आणि गेला. हीटर बंद, विहिरीवरची मोटर बंद. मग सुभेदारांनी ओळखीच्या मंडपवाल्याकडून एक जनरेटर आणला. पेट्रोलवर चालू करायचा, मग रॉकेलवर चालायचा. जीव लहान, त्यामुळं एका वेळी एकच काम. सकाळी आधी मोटर लावून टाकी भरायची, मग मोटर काढून हीटर लावायचा, खोली तापली की हौसाक्का पोरीला तेल लावून न्हाऊ घालायची. न्हाणं, शेक, सगळं होईस्तोवर दीड-दोन तास मशीन चालायचं. दिवसभर मग ऊन, गोधड्या आणि आईची कूस.

आता हौसाक्काचं आणि आमचं काय होतं, ते सांगते. विहीर सामाईक. अर्धी आमची, अर्धी तिच्या घरची. लाइट गेल्यावर सगळी वाडी दोरीनं पाणी शेंदायला लागली आणि आमचं मशीन मात्र एका दमात टाकी भरायचं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "इंदू, विहीर दोघींची हाय. तुमची मोटर झाली की माझ्या घागरीत गाळ येतोय." तोंडावर हसत म्हणाली, पण मी ते मनात ठेवलं. म्हटलं, ही आता आपल्याला पाण्यात बघणार.

मशीन दोन दिवस विहिरीपाशी आंब्याखाली होतं. तिसऱ्या दिवशी मला रॉकेलचा कॅन हलका लागला. उचलून बघितला, नक्की हलका. सुभेदारांना म्हटलं, कुणीतरी काढून नेतंय. ते म्हणाले, तुला भास होतोय. मी ऐकते होय? मशीन तिथून उचलायला लावलं आणि घराच्या मागच्या पडवीत आणून ठेवलं. पडवीला दार आहे, दाराला कुलूप आहे. आवाजानं पोर दचकायला नको म्हणून पडवीच्या गजांच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधून घेतली. सुभेदार एवढंच म्हणाले की ह्याला हवा लागते. मी म्हटलं, दार किलकिलं ठेवा, सकाळी मी तिथं नजर ठेवते. पडवीला लागूनच बाळंतिणीची खोली. मधली भिंत कौलापर्यंत गेलेली नाही, वर हातभर फट, जशी आमच्याकडच्या सगळ्या जुन्या घरांत असते. त्या फटीकडं कोण बघतंय?

त्याच दिवसापासून सुवर्णाचं डोकं दुखायला लागलं. न्हाणं झालं की मळमळायचं, अंग जड व्हायचं, डोळे मिटून पडायची. पोर दूध ओढेना. दुपार कलली की दोघी जरा बऱ्या व्हायच्या. दुसऱ्या सकाळी हौसाक्का आली की पुन्हा तेच.

हे मी बरोबर टिपलं. हौसाक्का येते, माझी लेक आजारी पडते. हौसाक्का जाते, लेक उठून बसते. ती स्वतःही कपाळ धरून म्हणायची, "मलाबी गरगरायलंय बाई, खोलीत जीव घुसमटतोय." मी मनात म्हणायची, नाटकं बघा. खोलीत रॉकेलचा वास होता, पण तो तर घरभर होता, लाइट नाही म्हटल्यावर दिवे-कंदील सगळं रॉकेलवरच.

तीन दिवस असं झालं आणि पुढच्या दिवशी अमावास्या. अमावास्येला तेल-पाणी करत नाहीत, म्हणून हौसाक्का आली नाही. टाकी भरलेली होती, ऊन चांगलं पडलं होतं, सुभेदारांनी मशीनलाही सुट्टी दिली. त्या दिवशी सुवर्णा सकाळपासून हसत होती. खसखशीची खीर वाटीभर खाल्ली. पोर दूध प्यायली, रडली, लाथा झाडल्या. माझं काळीज निवलं, आणि त्याच क्षणी पक्कं झालं. म्हटलं, बघ, ती आली नाही तर कसं सगळं ठीक.

पहिला संशय तेलावर. तेल ती घरून कढवून आणायची, त्यात कसली कसली मुळं. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी तिच्या वाटीतलं तेल ओतून दिलं आणि आपलं खोबरेल भरून ठेवलं. तिला पत्ता लागू दिला नाही. तरी सुवर्णाला त्या दिवशी उलटी झाली. पोरीचे ओठ मला वेगळेच दिसले. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, म्हणजे तेलाचा दोष नाही, बाईचाही नसेल. मी म्हटलं, तेलाचा दोष नाही म्हणजे हिच्या हाताचाच आहे.

त्या दुपारी विहिरीवर ती पाणी शेंदत होती. आजूबाजूला चार-पाच बायका. ती आपणहून मला म्हणाली, "इंदू, उद्या न्हाताना दार उघडं ठेवूया. पोरीचं लक्षण मला बरं दिसंना."

माझा तोल सुटला. काय बोलले ते मला शब्दन्‌ शब्द आठवतं, विसरावं म्हटलं तरी विसरत नाही.

"लक्षण तूच बिघडवलंस. पाण्यावरनं मनात डूख धरलास आणि माझ्या नातीवर उठलीस. तुझ्या हाताखालची दोन पोरं गेली ती कशानं गेली, ते आत्ता कळलं मला. उद्यापासून माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

दोन पोरं गेली होती, खरं आहे. चाळीस वर्षांत दोन. एक कावीळ होऊन, एक सातव्या महिन्यात जन्मलेलं. ते सगळ्या वाडीला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

हौसाक्कानं दोर सोडला नाही. घागर वर घेतली, काठावर टेकवली. म्हणाली, "तुझ्या सुवर्णाला मी पायावर घेतली तवा तू एकवीस वर्षांची हुतीस. माझा हात धरून रडली हुतीस, जगंल न्हवं म्हणून." एवढंच. घागर डोक्यावर घेऊन गेली. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी मशीन चालू करून दिलं, टाकी भरली, हीटर लावला आणि ते डीपीचा तगादा करायला तालुक्याला गेले. जाताना म्हणाले, आजचा दिवस न्हाणं राहू दे, मी आल्यावर बघू. मी ऐकलं नाही. मला दाखवून द्यायचं होतं की हौसाक्कावाचून माझ्या नातीचं काही अडत नाही.

आणि मग मला भीती वाटली. अपमान झालेली बाई, ती गप्प बसेल? मागून येऊन मशीनमध्ये काही टाकलं, रॉकेलमध्ये पाणी मिसळलं, तर? म्हणून पडवीचं जे दार किलकिलं असायचं ते मी गच्च ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. खोलीचं अंगणात उघडणारं दार आतून कडी लावून बंद. दाराशेजारच्या खिडकीत गोधडी कोंबली. बोट जाईल एवढीसुद्धा फट ठेवली नाही. माझ्या हातानं सगळं.

न्हाऊ घालायला घेतलं. मला सवय नव्हती. पोर पायांवर घेतली, पाणी घातलं, ती रडली नाही. सुवर्णा बाजेवरून म्हणाली, "आई, दार उघड गं. माझं डोकं फुटतंय." मी म्हटलं, गप पड, वारा लागेल. माझंही डोकं जड झालं होतं. पाय लोकरीसारखे झाले होते. मला काय वाटलं असेल? वाटलं, घरी बसून हौसाक्काच काहीतरी करतीय. पोरीला पुसली, दुपट्यात गुंडाळली, सुवर्णाजवळ ठेवायला उठले, आणि मोरीची फरशी एकदम जवळ आली. त्यापुढचं मला काही माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन होतं. मी अंगणात, मातीत पडले होते. कुणीतरी माझ्या गालावर चापट्या मारत होतं. हौसाक्का. तिचं मनगट रक्तानं भरलेलं. तिच्या पलीकडं सुवर्णा भिंतीला टेकून ओकत होती. आणि हौसाक्काच्या मांडीवर, तिच्या फाटक्या शालीत, माझी नात. हौसाक्का एका हातानं मला मारत होती आणि दुसऱ्या हातानं तिच्या तळव्यांना टिचक्या मारत होती. पोर एकदम चिरक्या आवाजात रडली. तो आवाज ऐकून मीही रडले.

ती पाणी न्यायला आली होती. तिनं नंतर सांगितलं ते असं. मशीन चालू होतं म्हणजे न्हाणं चालू असणार, पण पोराचा आवाज नाही. न्हाताना पोर रडत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला चाळीस वर्षांचं ठाऊक. दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही. रागानं देत नसेन, असं तिला आधी वाटलं. परत जायला वळलीसुद्धा. मग परतली, विहिरीवरची पहार आणली, खिडकीच्या फळ्या फोडल्या, गोधडी आत ढकलली आणि हात घालून कडी काढली. आधी पोर बाहेर आणली, मग सुवर्णाला, मग मला ओढलं. तेव्हा ती साठीच्या पुढची होती.

निरोप गेला, सुभेदार तालुक्याहून जीप घेऊन आले तसे दवाखान्यात गेलो. तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण बाईंनी सगळं विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "जनरेटर कुठं ठेवलाय?"

मी अजूनही ठसक्यात सांगितलं, घरातच, पडवीत, कुलूप लावून.

त्यांनी लिहायचं थांबवलं. "आजी, शेगडीचा धूर निदान डोळ्याला दिसतो. इंजिनातून जो विषारी वायू येतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. एवढे दिवस तुम्ही निभावलात कशा? मधूनमधून कुणी दार उघडत होतं का?"

"होय," सुवर्णा म्हणाली. मी नाही.

"त्या माणसानं वाचवलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडं गेल्या.

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर आणि सुभेदारांनी त्याच संध्याकाळी खाली मान घालून सांगितलं की रॉकेल त्यांनीच दिलं होतं, बाटलीभर, हौसाक्काला. तिच्या घरी दिवा लावायला थेंब नव्हता. तू बोलशील म्हणून सांगितलं नाही, म्हणाले. आणि मशीन पडवीत ठेवू नये असं मनात होतं, पण तुझ्यापुढं बोलून काय उपयोग, हेही म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

नात चार दिवसांनी घरी आली, चांगली ठणठणीत. घरी आल्या आल्या मी हौसाक्काकडं गेले, तिचे पाय धरले. तिनं उठवलं, चहा दिला. रागावली असती तर बरं झालं असतं. मग मी घरोघर फिरले. विहिरीवर त्या दिवशी ज्या ज्या बायका होत्या, त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की चूक माझी, मशीनचा वायू होता, हौसाक्कानं आम्हाला जिवंत ठेवलं. त्या माना हलवायच्या. त्यातल्या एकीची सून महिन्यात बाळंत होणार होती, हौसाक्काला आधीच सांगून ठेवलेलं. ती मला आत घेऊन हळूच म्हणाली, "तुला भीती घातली असंल तिनं, म्हणून असं सांगत फिरतीयास. आम्ही दुसरी बाई बघितली." मी शपथा घेतल्या. जेवढ्या जास्त शपथा घेतल्या तेवढी ती माझ्याकडं जास्तच कीव आल्यासारखी बघायला लागली.

बारसं सव्वा महिन्यानं केलं. लाइट आली होती, मशीन मंडपवाल्याकडं परत गेलं होतं. आदल्या दिवशी मी हौसाक्काला बोलवायला गेले. म्हटलं, पोरीला पाळण्यात तूच घालायचीस.

"येते की," ती म्हणाली. "पण पोरीला हात लावायची नाही मी."

"अजून राग गेला नाही?"

"राग न्हवं इंदू. उद्या तिला साधं पडसं आलं तरी तू माझ्याकडं बघशील. तुझा काय दोष न्हाई, तुझा सोभावच हाय तो. पण मला आता ती नजर सोसायची ताकद न्हाई."

मी म्हटलं, देवाशपथ, असं होणार नाही. माझ्या नातीला तुझ्यामुळं श्वास मिळाला, मी असं कशी करीन? मला ते मनापासून वाटत होतं. पदर डोळ्याला लावून मी घरी आले.

बारशाला ती आली, ठेवणीतलं चांगलं लुगडं नेसून, आणि भिंतीकडेला सगळ्यांच्या मागं बसली. हात पदराखाली. सुवर्णाच्या नणंदेनं पोरीला पाळण्याखालून-वरून घेतलं, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. नाव ठेवलं. पोरीला पाळण्यात टेकवली आणि ती एकाएकी कळवळून रडायला लागली. लाल झाली, श्वास कोंडून धरला, क्षणभर आवाजच बंद.

आणि माझी नजर गेली. मी पाठवली नव्हती, आपोआप गेली. एवढ्या बायकांच्या गर्दीतून, थेट भिंतीकडेला.

हौसाक्का माझ्याकडंच बघत होती. तिनं पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले, उताणे केले आणि मला दाखवले. रिकामे होते. मनगटावर खिडकीच्या फळीचा व्रण होता.

पोर तोवर गप्प झाली होती, कुंचीची नाडी रुतली होती तिला. बायका गातच होत्या. हौसाक्का हळूच उठली आणि घुगऱ्या न घेता घरी गेली.